जुन्या मोटारीचे कनेक्टर न मोडता कसे काढावेत?

प्रश्न : माझ्याकडे १९८३ सालची, एल-जेट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या इंधन-इंजेक्शनची मोटार आहे. इंजिनाच्या वरच्या कव्हरचे गॅस्केट बदलायचे असल्यामुळे इंजेक्टरांवरचे (पेट्रोल फवारणाऱ्या भागांवरचे) आणि सेन्सरवरचे कनेक्टर काढणे भाग आहे. पहिलाच कनेक्टर ओढला आणि त्याच्या काळ्या प्लास्टिकचा टवका हातात आला, म्हणून मी काम तिथेच थांबवले. उरलेले कनेक्टर कसे काढावेत? तसेच इंजिन बंदच असताना बॅटरी सोडवण्याची खरोखर गरज असते का?

उत्तर : आपण पहिल्याच टवक्यावर थांबलात हे उत्तम केलेत, बहुतेक जण तिसरा कनेक्टर मोडल्यावर थांबतात.

आधी बॅटरीविषयी. किल्ली काढलेली असली तरी अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागे येणारी जाड वायर अनेक जुन्या मोटारींत थेट बॅटरीला जोडलेली असते आणि तिच्या वाटेत फ्यूजही नसतो. त्या टर्मिनलला लागलेला पान्हा इंजिनाला टेकला, तर क्षणभरात शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि पान्हा जागीच चिकटू शकतो. म्हणून बॅटरी सोडवावीच, आणि मोटारीच्या बॉडीला जोडलेले टोक सर्वांत आधी सोडवावे. ते सैल करताना पान्हा बॉडीला लागला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही एकाच बाजूला जोडलेले असतात. आपल्या मोटारीत हे टोक ऋण असणार. परत जोडताना तेच सर्वांत शेवटी जोडावे. हातातली अंगठी आणि धातूचे घड्याळ कामाआधी काढून ठेवावे.

आता मूळ अडचणीकडे वळू. या कनेक्टरांचे प्लास्टिक बहुधा नायलॉन जातीचे असते आणि नायलॉनचा चिवटपणा काही अंशी त्यात मुरलेल्या ओलाव्यावर अवलंबून असतो. इंजिनाच्या उष्णतेत चाळीस वर्षे काढलेले नायलॉन कोरडे पडते, हवेतल्या प्राणवायूमुळे त्याची वीणही खिळखिळी होते आणि मग ते वाकण्याऐवजी बिस्किटासारखे तुटते. त्यामुळे थंडगार इंजिनावर, सकाळच्या पहिल्या उत्साहात हे काम करू नये. त्याचबरोबर हात पोळेल इतके तापलेले इंजिनही नको. कोमट असताना प्लास्टिक थोडे नरमते. एखादा कनेक्टर फारच कडक वाटल्यास त्यावर गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटे ठेवावी. काही जण केस वाळवण्याचे यंत्र वापरतात. मला ते पसंत नाही, कारण जुन्या रबरी नळ्यांतून पेट्रोल झिरपत असण्याची शक्यता असते आणि त्या यंत्रात तापलेली तार असते.

कनेक्टरवरची धूळ आणि तेलाचा थर मऊ ब्रशने आधी काढावा, नाहीतर खटक्याच्या (कनेक्टर जागी अडकवून धरणाऱ्या भागाच्या) फटीत अडकलेला वाळूचा कणच पाचर होऊन बसतो. त्यानंतर कनेक्टर ओढण्याआधी तो किंचित आत ढकलावा. उलटे वाटेल, पण आतले रबरी सील कनेक्टरला सतत बाहेर लोटत असते आणि तो सगळा ताण खटक्यावर आलेला असतो. ताणाखालचा खटका दाबला तर तो सुटत नाही, तुटतो. आत ढकलले की खटका मोकळा होतो. मग तो सोडवून दोन बोटांनी कनेक्टरचे घर, म्हणजे बाहेरचे प्लास्टिक, धरावे आणि सरळ रेषेत ओढावे. वायरला धरून कधीही ओढू नये. फार तर अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवावे; मात्र पिळू नये, कारण आत दोन चपट्या पिना असतात आणि त्या वाकतात. चिकटून बसलेल्या सीलसाठी कडेने सिलिकॉनचा फवारा मारून पंधरा मिनिटे थांबावे. खनिज तेलाचे फवारे काही प्रकारच्या रबराला फुगवतात, म्हणून ते इथे टाळावेत.

आपल्या इंजेक्टरांवर प्लास्टिकचा खटका नसून तारेची चौकोनी क्लिप असेल. तिचे दोन प्रकार आढळतात : एकात क्लिप मधोमध दाबली की कनेक्टर सुटतो, तर जुन्या प्रकारात ती टोकदार हुकाने एका कोपऱ्यातून उचलून पूर्ण काढावी लागते. आपला प्रकार कोणता हे आरशाने आणि टॉर्चने पाहून मगच हात घालावा. मी एकदा न पाहता दाबत बसलो, मग चिडून उचकटली, तेव्हा क्लिप टिंग असा आवाज करून इंजिनाखाली गेली आणि लोहचुंबक दोरीला बांधून ती शोधण्यात सगळी दुपार गेली. तेव्हापासून क्लिप काढण्याआधी मी तिच्यात शिवणाचा दोरा ओवून ठेवतो. परत बसवताना क्लिप आधी कनेक्टरवर चढवावी आणि मग कनेक्टर खट् असा आवाज येईपर्यंत दाबावा.

एक गोष्ट निसटू देऊ नये. या पद्धतीत इंजेक्टर, शीतकाच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर आणि थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा इंजेक्टर या सर्वांवर एकाच घडणीचे दोन पिनांचे कनेक्टर असू शकतात. एल-जेट्रॉनिकमध्ये सर्व मुख्य इंजेक्टर एकाच वेळी उघडतात, त्यामुळे त्यांची आपसांत अदलाबदल झाली तर कळणारही नाही. पण सेन्सरचा कनेक्टर थंड सुरुवातीच्या इंजेक्टरवर बसला, तर मोटार का चालत नाही याचा शोध दिवसभर पुरेल. म्हणून प्रत्येक कनेक्टरवर आणि त्याच्या जागेवर एकाच क्रमांकाची कागदी चिकटपट्टी लावावी आणि काढण्याआधी छायाचित्र घ्यावे.

टवका उडालेल्या कनेक्टरला झटपट चिकटणारा गोंद लावून भागत नाही; उष्णतेत आणि कंपनांत तो सुटतो. अशी रिकामी घरे नवी मिळतात आणि आतले टर्मिनल चांगले असतील तर तेच नव्या घरात बसवता येतात. मात्र वायरचे आवरण वाकवताच तडकत असेल, तर आधी वायरकडे पाहावे लागेल.

प्रश्न : माझी ब्रिटिश मोटार १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिच्यात गोळीच्या आकाराचे गोल कनेक्टर आहेत आणि ते हलतच नाहीत. वरच्या उत्तरातला नियम मला लागू होतो का?

उत्तर : बॅटरीबाबत आधी खात्री करून घ्यावी. त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॉडीला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते. तसे असल्यास पहिल्यांदा धन टोकच सोडवावे. ‘आधी ऋण’ हे पाठांतर इथे घातक ठरेल. वायरींच्या रंगांचीही मदत होते : तपकिरी वायर नेहमी जिवंत (वीज असलेली) असते, पांढरी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, हिरवी वायर किल्लीनंतरच्या फ्यूजमधून येते आणि काळी बॉडीकडे जाते.

हे कनेक्टर गोल असल्यामुळे मात्र थोडे पिळता येतात. पितळेवर हिरवा कळंक चढलेला असतो. दोन्ही टोकांना झिरपणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर ठेवावे. मग निमुळत्या पकडीने गोळीची पितळी मान धरून हलके फिरवत बाहेर काढावी. तरीही हलत नसेल, तर वायरचा मोह सोडू नये, दोन गोळ्या जोडणाऱ्या मधल्या नळीचा सोडावा : वरचे रबर लांबीच्या दिशेने कापावे, आतल्या धातूच्या नळीची फट पेचकसाने किंचित उघडावी आणि गोळ्या अलगद उचलून घ्याव्यात. नळी नवी मिळते, आणि तिच्या बदल्यात जुनी वायर आखूड होत नाही.