डोळे जाणं की कान जाणं, एकच निवडायचं झालं तर काय निवडाल?

आधी वय सांगा, मग उत्तर देता येईल.

चाळिशीतल्या माणसाने कान सोडावेत. भाषा तोंडात बसलेली असते, वाचन-लेखन, एकट्याने रस्ता ओलांडणं शाबूत राहतं. ओठ पाहून सगळं कळतं, या भ्रमात मात्र राहू नका. आरशासमोर आवाज न काढता 'पाय', 'बाय', 'माय' म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात! संदर्भावरून अंदाज बांधावा लागतो आणि चार जण एकदम बोलू लागले की तोही फसतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण स्पष्टपणा पूर्ण परत आणत नाही, गोंगाटही वाढवतं. शिवाय पावसाळ्यात दमट हवेने यंत्राच्या नळीत पाणी साचतं, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत निवड उलटी. आंधळं मूल ऐकून बोलायला शिकतं, पुढे ब्रेलच्या सहा टिंबांवर वाचतं. बहिऱ्या बाळाला सुरुवातीच्या वर्षांत खुणांची भाषाही मिळाली नाही, तर भाषेचा पायाच कच्चा राहतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा दंडक आहे.

अंधत्वात फोनवरचं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, बरंच काम करतं. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. पाचशेच्या नोटेवर उठावदार वर्तुळ आणि शंभरच्या नोटेवर त्रिकोण असतो, पण नोट मळली, झिजली की बोटाला काहीच लागत नाही.