तुमचे प्रश्न : शिकारीचं मांस आणि सोबतची बिअर

या वेळी पत्रांमध्ये शिकारीच्या मांसाबद्दलच एवढे प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. एक आधीच सांगून टाकते, जिथे शिकार आणि त्या मांसाची विक्री कायद्याने चालते तिथल्याच मांसाबद्दल हे बोलणं आहे, चोरटा माल कुणी आणून देत असेल तर त्याच्या रेसिप्या इथे मिळणार नाहीत. फार्मवर वाढवलेलं हरीण मिळत असेल तर यातलं बरंचसं त्यालाही लागू होतं.

प्रश्न : हरणाच्या मांसाचे स्टेक केले, नेहमीच्या मांसाला देतो तेवढाच वेळ दिला, तरी वातड आणि कोरडे झाले. मांसच जून होतं का?

जून असेलही, पण बहुतेक वेळा दोष वेळेचा असतो. हरणाच्या मांसात चरबी अगदी कमी, साधारण २-३ टक्के, आणि तीही स्नायूंच्या आत पसरलेली नसते. चरबीवाल्या मांसात तुम्ही पाच मिनिटं जास्त ठेवलंत तरी ती चरबी सांभाळून घेते, इथे सांभाळून घ्यायला कुणीच नाही. पाठीचा तुकडा आतून ६० डिग्री सेल्सिअसच्या वर गेला की पाणी सोडायला लागतो आणि मग चवही कलेजीसारखी व्हायला लागते. म्हणून बरेच कुक तो ५२-५३ वर तव्यावरून काढतात, पाच-सात मिनिटं झाकून ठेवतात, तो आपोआप ५५-५६ वर जातो. यासाठी मीट थर्मामीटर घ्याच, बोटाने दाबून अंदाज घेण्याची कला हरणावर शिकू नका.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या सरकारी फूड सेफ्टीच्या तक्त्यात हरीण आणि सशासाठी ७१ डिग्री दिलंय, म्हणजे गुलाबी स्टेक त्यात बसतच नाही. धडधाकट माणसाने काय खायचं ते त्याचं त्याने ठरवावं, पण घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आजारी कुणी असेल तर त्यांच्या ताटात गुलाबी मांस नको. आणि त्यासाठी स्टेक ७१ पर्यंत नेऊन वाळवायची पण गरज नाही, सरळ दुसरा तुकडा घ्या. खांदा, मान, नळी यांत कोलॅजन (मांस चिवट करणारं प्रथिन) भरपूर असतं, ते ७० डिग्रीच्या पुढे हळूहळू जिलेटिन व्हायला लागतं, म्हणून हेच तुकडे झाकण ठेवून मंद आचेवर अडीच-तीन तास शिजवले की चमच्याने तुटतात, आणि तापमान केव्हाच ७१ च्या पुढे गेलेलं असतं. मांडी मधल्यामध्ये अडकते, तिचे स्नायू वेगवेगळे सोडवायचे, वरची चंदेरी झिल्ली काढायची (ती कितीही शिजवा, चिवटच राहते) आणि मऊ स्नायूंचे स्टेक, बाकीचं स्ट्यूत.

प्रश्न : उग्र वास जाण्यासाठी मांस रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं तर चालेल?

नको. एवढा वेळ आंबटात राहिलं की वरचा थर पिठूळ होतो आणि आतला वास आहे तसाच. ताकात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंत तर थोडा फरक पडतो, पण खरं काम सुरीचं आहे. वास चरबीत जास्त असतो, त्यामुळे दिसेल ती सगळी चरबी काढून टाका. हरणाची चरबी तशीही लवकर गोठते आणि टाळूला मेणचट चिकटते, म्हणून हे मांस गरम प्लेटमध्ये आणि गरमच वाढतात. बाकी वास कुठून येतो ते तुमच्या हातात नसतं, जनावर काय खात होतं, नर माजावर होता का, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे मारल्यावर पोट साफ करून किती लवकर थंड केलं. हे शेवटचं विकणाऱ्याला बिनधास्त विचारा. आणि मांस बुळबुळीत, हिरवट किंवा आंबूस लागत असेल तर तो शिकारीचा वास नाहीच, ते खराब झालंय, फेकून द्या.

प्रश्न : रानडुकराचं मांस महिनाभर डीप फ्रीझरमध्ये होतं, आता थोडं गुलाबी ठेवून खाल्लं तर चालेल ना?

नाही चालणार. ट्रिकिनेला नावाचा जंत असतो, त्याच्या अळ्या स्नायूंत बसलेल्या असतात. फ्रीझ करून त्या मरतात हा सल्ला पाळीव डुकरासाठी होता, तोही ठरावीक जाडी, ठरावीक तापमान आणि ठरावीक दिवस धरून. रानटी प्राण्यांत या जंताच्या अशा जाती सापडतात ज्या थंडीला दाद देत नाहीत, अस्वलाच्या मांसात तर विशेष. मीठ लावून वाळवणं, धुरावणं यावरही विसंबू नका, मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखं तापवत नाही म्हणून तोही नको. मध्यभागी ७१ डिग्री, संपला विषय. आणि रानडुकराचा खांदा असाही तीन तास शिजवल्यावरच छान लागतो, त्यामुळे तुमचं नुकसान काहीच नाही.

प्रश्न : हरणाच्या स्ट्यूत पाण्याऐवजी बिअर घातली, इतका कडू झाला की कुणी खाल्ला नाही. बिअर चांगली महागाची आयपीए होती.

तिथेच झालं ना. बिअरचा कडूपणा हॉप्समधून (एका वेलीच्या फुलांतून) येतो, आयपीएत ते भरपूर असतात, आणि हा कडूपणा उकळून उडून जात नाही, पाणी आटतं, कडू तेवढंच राहतं, म्हणजे रस्सा अर्धा झाला की कडूपणा जवळपास दुप्पट. आयपीए प्यायला कितीही मस्त असो, पातेल्यात नको. शिजवायला माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडसर चव असलेली आणि कमी कडू बिअर घ्या, बाटलीवर आयबीयू (कडूपणाचा आकडा) लिहिलेला असेल तर २५ च्या आतला. बेल्जियन डुबेल, जर्मन डॉपेलबॉक, ब्राउन एल या तिन्ही चालतात. बेल्जियममधला कार्बोनाड हा बीफचा स्ट्यू असाच बनतो, भरपूर कांदा, डार्क बिअर आणि वर मोहरीचा सॉस लावलेला ब्रेडचा तुकडा जो शिजून रस्स्यातच विरघळतो आणि तो घट्ट करतो. त्यात बीफच्या जागी हरणाचा खांदा घाला, ज्युनिपर या झुडपाचे पाच-सहा सुगंधी दाणे ठेचून टाका, दुसरं काही शोधायची गरज नाही. फक्त मांस आधी थोडं थोडं करून खरपूस परतून घ्या, सगळं एकदम टाकलंत तर ते पाणी सोडतं आणि उकडतं.

झालेला स्ट्यू वाचवायचा असेल तर बिनमिठाचा स्टॉक घालून पातळ करा, ब्राउन होईपर्यंत परतलेला कांदा आणि चार प्रून (सुकवलेले आलुबुखार) घाला, आणि मीठ चाखून बघा, मिठाने कडूपणा दबतो. साखर शेवटी आणि चिमटीनेच.

याच पत्रात मुलांना देऊ का असंही विचारलंय. बिअरमधलं अल्कोहोल पूर्ण उडतं हा समज चुकीचा आहे. अमेरिकन कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे १५ मिनिटं शिजवल्यावर ४० टक्के, तासाभराने २५ टक्के आणि अडीच तासांनीही साधारण ५ टक्के अल्कोहोल शिल्लक असतं. मुलांसाठी वेगळं पातेलं, नुसत्या स्टॉकचं.

प्रश्न : कुठल्या प्राण्याबरोबर कुठली बिअर, एक यादी द्याल का?

यादी देत नाही, कारण प्राणी बघून बिअर ठरतच नाही, कसं शिजवलंय आणि सॉस कुठला आहे यावर ठरते. तेच हरीण ग्रिलवर खरपूस केलं तर त्याच्या करपट-गोड कडेला पोर्टर किंवा ब्राउन एल जुळते, कारण भाजलेल्या माल्टची चव आणि भाजलेल्या मांसाची चव एकाच घराण्यातली. तेच हरीण स्ट्यूत असेल तर पातेल्यात घातलेलीच बिअर ग्लासात. रानबदक फळांच्या सॉसबरोबर असेल तर ओकच्या पिंपात मुरलेली आंबटसर फ्लँडर्स रेड, रोडेनबाख वगैरे. फेझंट साधा भाजलेला असेल तर सेझाँ, ती कोरडी असते आणि फेसाळ, पक्ष्याची हलकी चव दाबत नाही. सशाचं तर ब्रसेल्समध्ये ठरलेलंच आहे, ग्यूझ या आंबट बेल्जियन बिअरमध्ये शिजवतात आणि ग्यूझच पितात. धुरावलेल्या रानडुकराला जर्मनीतल्या बांबर्गची राउखबिअर (धुरावलेल्या माल्टची बिअर) द्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण धुरावर धूर फार होतो, मी ती साध्या भाजलेल्या डुकराबरोबर घेईन आणि धुरावलेल्याला डॉपेलबॉक.

तिखट मसाल्यात केलं असेल तर जास्त हॉप्सवाली आणि जास्त अल्कोहोलची बिअर टाळा, दोन्हीने तिखट आणखी भडकतं. साधी माल्टी लागर बरी.

प्रश्न : खाताना छर्रा दाताखाली आला. काही होतं का?

एखादा गिळला गेला तर लगेच काही होत नाही, पण शिशाचा छर्रा किंवा गोळी असेल तर तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत मांसात गेलेले असतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि धुऊन जात नाहीत. त्यामुळे जखमेभोवतीचं रक्त साकळलेलं मांस हात आखडता न घेता कापून टाका, त्याचा खिमा तर अजिबात करू नका. मुलं आणि गरोदर बायकांसाठी शिशाने मारलेलं मांस नकोच, स्टील किंवा तांब्याची गोळी होती का ते विचारून घ्या. आणि रानससा घरी सोलणार असाल तर हातमोजे घाला, त्यातून टुलारेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो आणि तो हातावरच्या साध्या ओरखड्यातूनही शिरतो.

प्रश्न : डार्क बिअर फ्रिजमधून किती आधी काढायची?

वीस-पंचवीस मिनिटं. १०-१२ डिग्रीला आली की प्या.