कॅम्पमध्ये बोटाला टोचून केलेल्या कोलेस्टेरॉल टेस्टमध्ये २१० आलं, खरं धरायचं का?

अंदाज म्हणून खरं धरा, पण फक्त त्या आकड्यावर गोळी सुरू किंवा बंद करू नका. मी लॅबमध्ये काम करतो म्हणून सांगतो, टोटल कोलेस्टेरॉलला साधारण ९ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतात, म्हणजे तुमचं २१० हे खरं १९२ पण असू शकतं नाहीतर २३० पण. आणि बऱ्याच छोट्या मशीन एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजतच नाहीत, टोटलमधून पूर्ण एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा करून काढतात, ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असलं की ते गणितच चालत नाही. गडबड जास्त करून थेंब घेतानाच होते:

- बोट दाबून दाबून रक्त काढलं की त्यात अंगातलं पाणी मिसळतं, आकडा कमी येतो
- हाताला ग्लिसरीनवालं क्रीम असेल तर ट्रायग्लिसराइड उगाच वाढलेलं दिसतं, हात धुऊन पूर्ण कोरडे करूनच टोचून घ्या
- स्ट्रिपची एक्स्पायरी, आणि डबी उन्हात पडली होती का ते बघा

फक्त डायबेटिस, बीपी असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर कॅम्पमध्ये नॉर्मल आलं तरी शिरेतून रक्त देऊन लिपिड प्रोफाइल (या सगळ्या आकड्यांची लॅबमधली टेस्ट) कराच.