ऑनलाईन आक्षेपार्ह लिखाणाला शिक्षा देणारं आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यातलं ६६अ कलम रद्द झालंय म्हणजे फेसबुकवर आता काहीही लिहिलं तरी चालतं का?

नाही, काहीही नाही चालत. पण तुमचं लिखाण कुणाला आवडलं नाही एवढ्यावरून ६६अ लावून पोलिस उचलू शकत नाहीत, आणि हे आपल्याला श्रेया सिंघल केसमुळे मिळालंय.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद होती, त्यावर प्रश्न विचारणारी पोस्ट पालघरच्या एका मुलीने टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती फक्त लाईक केली तर दोघींना अटक! लाईकसाठी अटक, विचार करा. ते वाचून श्रेया सिंघल ही तरुणी थेट सुप्रीम कोर्टात गेली.

२४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी अख्खं कलमच घटनाबाह्य ठरवलं. कारण त्यात 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' असे शब्द होते, त्यात काय बसतं ते कुणीच सांगू शकत नाही आणि शिक्षा मात्र ३ वर्षांपर्यंत. कोर्टाने सरळ सांगितलं की चर्चा करणं, एखादं मत हिरिरीने मांडणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं, बंधन येतं ते चिथावणीपाशी.

बदनामी, धमकी, दोन समाजांत तेढ लावणं हे गुन्हे आजही आहेतच. वेबसाईट ब्लॉक करायचं त्याच कायद्यातलं कलम ६९अ सुद्धा कोर्टाने कायम ठेवलं.

वाईट याचं वाटतं की निकालानंतरही कित्येक वर्षं पोलिस ६६अ लावतच राहिले, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला. त्यामुळे कुणाच्या एफआयआरमध्ये हे कलम दिसलं तर लगेच वकिलाला दाखवा.