रागातला 'च'

"मॅडम, शांतपणे बोललं की लोक दुबळं समजतात. मग अन्याय झाल्यावर आवाज चढवायचा नाही, तर करायचं काय?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की त्यावर एकदा लिहायचंच ठरवलं. कुणी सोसायटीच्या बैठकीत भांडून आलेलं असतं, कुणी सासरी, कुणी ऑफिसात. इथे एका रिक्षाचालक वडिलांबद्दल सांगते; त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

त्यांची मुलगी तिसरीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के जागांमधून तिला खासगी शाळेत प्रवेश मिळाला होता. अशा मुलांना वर्गात वेगळं बसवता येत नाही. तरी त्या वर्गातली चारही मुलं वर्षभर शेवटच्या बाकांवर. हे कळलं तसे वडील तडक मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेले आणि टेबलावर मूठ आपटली. टेबलाची काच तडकली.

"त्यानंतर शाळेत सगळं काचेवरच. बाकाचं नाव कुणी काढेना. आणि पोरगी म्हणाली, बाबा, तुम्ही शाळेत येऊ नका."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "पोरगी मागे बसते याचा त्रास किती आणि 'यांची हिंमतच कशी झाली' याचा किती?"

"दुसऱ्याचा जास्त," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "मलाही शाळेत मागंच बसवायचे. तेव्हा मी गप्प बसलो होतो."

माझी घडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारातली. घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त पेटवतो, हे मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा पडताळलं आहे. मराठीत हा हट्ट एका अक्षरात पकडता येतो, हे मात्र मला माझ्याच खोलीत उमगलं. मनात सतत काय घोळतं ते लिहा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी खिशातल्या सीएनजीच्या पावतीमागे लिहिलं, 'त्यांनी असं वागूच नये.' मी 'च'वर बोट ठेवलं. "आता हा सोडून वाचा."

"त्यांनी असं वागू नये." त्यांनी परत वाचलं. "मॅडम, चूक त्यांचीच राहिली की."

राहिलीच. अन्याय तसूभरही कमी झाला नाही. पण 'वागूच नये' म्हणताना समोरचा आत्ताच्या आत्ता बदलावा लागतो, नाहीतर डोकं फिरतं. 'वागू नये' म्हटलं की मग मी काय करू, हा प्रश्न सुचायला जागा मिळते.

"म्हणजे राग गिळायचा?" त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्या रिक्षात बाबासाहेबांचा फोटो आहे, हे त्यांनीच सांगितलं होतं. मी महाडची आठवण काढली. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली. उलट हल्ला करायला माणसं तयार होती; बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे तळ्याचा खटला चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागला तो १९३७ मध्ये.

"दहा वर्षं," ते पुटपुटले. "काच फोडणारा राग दहा वर्षं पुरत नाही."

हे मी शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी पुढचं काही बोललेच नाही.

नंतर तयारी केली. मागणी एकच ठेवायची, तीही लेखी. सोबत आणखी एक पालक न्यायचा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. आणि डोक्यात कळ गेली की हातात पेन घ्यायचं, कारण लिहिणाऱ्या हाताची मूठ होत नाही.

ते गेले. आधी काचेचे पैसे टेबलावर ठेवले. "काच मी फोडली, हे त्याचे. आता बाकांचं बोलू." मध्येच 'तुमच्यासारख्या पालकांना' असं काहीतरी कानावर आलं. त्यांनी पेन काढलं. "मॅडम, हे वाक्य परत सांगता का? लिहून घेतो."

ते वाक्य परत आलं नाही. तीन आठवड्यांनी वर्गात बाकं आळीपाळीने बदलायला लागली.

हजेरीला त्या चौघांची वेगळी यादी अजून वाचतात. त्यावरचा अर्ज परवा ते मला दाखवायला आले. 'समान वागणूक मिळालीच पाहिजे' या ओळीवर माझी नजर थांबलेली त्यांनी पाहिली.

"हा 'च' राहू द्या मॅडम. हा कायद्यातला आहे."

मी राहू दिला.