दोन इंजिनची बोट डावीकडे ओढते, वेगात डुलते आणि जेट्टीला ऐकत नाही, त्याबद्दल

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर १५०-१५० एचपीच्या दोन इंजिनांची २३ फुटी बोट आली, हळू चालवताना डावीकडे ओढते, ताशी ७० च्या वर गेली की डावी-उजवी डुलते, आणि जेट्टीला लावताना चाक कितीबी फिरवा वळत नाही. मेकॅनिक म्हणतो स्टिअरिंग बदला. अजून बदलू नका. मी ११ वर्षं गोव्यात स्पीडबोटीवर काढली, आता पवनीकडे गावी आहे, आणि माझ्या मते यातलं निम्मं तरी चाकात नाही, थ्रॉटलमध्ये आहे.

आधी जेट्टीचं, काहून की सगळे त्यातच फसतात. आपण डोंग्यावर वाढलेली माणसं, डोंगा सरकत असला की मागे वल्हं धरून तो वळवता येतो. आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकवलेल्या इंजिनला, तसं सुकाणू नसतं, पंखा पाणी ज्या दिशेला फेकतो त्यावर बोट वळते, म्हणजे तुम्ही जेट्टी जवळ आली म्हणून घाबरून न्यूट्रल मारलं की त्याच क्षणी चाकाचा जोर गेला, मग कितीबी फिरवा. दोन इंजिनवाल्याने जेट्टीजवळ चाक सरळ करायचं आणि सोडून द्यायचं. खरंच सोडून द्यायचं, हातच लावायचा नाही. तुम्ही चिखलणीला ट्रॅक्टर चालवला असेल, बांधाजवळ डावा ब्रेक एकटा दाबला की ट्रॅक्टर डावीकडे जागच्या जागी वळतो, तसंच हे दोन लिव्हरवर करायचं: उजवं इंजिन फॉरवर्ड, डावं रिव्हर्स, की नाक डावीकडे जातं. उलट केलं की उजवीकडे. पंखा रिव्हर्समध्ये कमी पाणी ढकलतो म्हणून रिव्हर्सवाल्याला थोडं जास्त आरपीएम द्यावं लागतं, नाही तर बोट वळता वळता पुढे सरकत जाते आणि जेट्टीचा लाकडी कठडा समोर येतो. आणि आउटबोर्ड एकमेकांच्या जवळ असतात, दोघांच्या मधात दोन-सव्वादोन फूट अंतर, त्यामुळे मोठ्या लाँचसारखी गरकन फिरणार नाही, हळूहळू फिरेल. गिअर टाका, दोन सेकंद थांबा, न्यूट्रल, बघा, परत टाका. सकाळी वारा नसताना मधोमध पाण्यात एक रिकामा कॅन दोरी-दगड बांधून सोडा आणि त्याच्याभोवती फक्त लिव्हरवर अर्धा तास सराव करा, दोन दिवसांत हात बसतो.

आता हळू चालवताना डावीकडे ओढणं. पहिले हे बघा की दोन्ही पंखे उलटसुलट फिरणारे आहेत का. मागून बघितलं तर साधारणपणे उजवं इंजिन फॉरवर्डमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि डावं त्याच्या उलट, म्हणजे एकाची ओढ दुसरं मारतं. यामाहा असेल तर उलट फिरणाऱ्याच्या मॉडेलमध्ये एल अक्षर असतं, एलएफ१५० असं. जर कोणी स्वस्तात दोन्ही एकाच दिशेची लावून दिली असतील तर हळू स्पीडला मागचा भाग उजवीकडे सरकतो, नाक डावीकडे जातं, तुम्ही सांगता अगदी तसंच. मग स्टिअरिंग बदलून काय होणार?

दोन्ही उलटसुलट असतील तर मग बैलजोडीसारखं बघावं लागेल, शंकरपटात एक बैल अर्धं पाऊल पुढे निघाला की छकडा तिरपा झालाच. मीटरवर दोन्ही आरपीएम सारखे दिसले तरी कानाने ऐका, जुळलेलं नसेल तर ऊं-ऊं असा चढउतार आवाज येतो, जुळलं की एकच सलग गुणगुण राहते. ट्रिम म्हणजे इंजिनचा कल, आत घेतलं की पंखा बोटीकडे येतो आणि नाक खाली बसतं, बाहेर केलं की नाक वर. त्याच्या मीटरवर तर भरवसाच नको, सेन्सर खोटं बोलतात. बोट ट्रेलरवर घेऊन दोन्ही इंजिनांच्या पंख्यावरच्या चपट्या प्लेटखाली लांब सरळ पट्टी लावा, एक वर एक खाली दिसलं तर कारण सापडलं. वजनही बघा, बॅटऱ्या, पेट्रोल आणि चार पोट्टे सगळे एकाच बाजूला बसतात का. एक मात्र सांगतो, खोल व्ही बुडाची बोट अगदी हळू चालताना थोडी इकडेतिकडे भटकतेच, तो तिचा स्वभाव आहे, इंजिनं पूर्ण खाली ट्रिम करा आणि प्रत्येक वेळी चाकाने तिचा पाठलाग करू नका, त्यानेच जास्त भटकते.

वेगातलं डुलणं मात्र हलक्यात घेऊ नका. त्याला चाइन वॉक म्हणतात. वेग वाढला की बोट उचलते, बुडाची अगदी थोडी पट्टी पाण्यावर राहते, आणि त्या पट्टीवर ती एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला कलंडायला लागते. आपण चाकाने दुरुस्त करायला जातो, हात एक क्षण उशिरा पोचतो, आणि प्रत्येक झोका मागच्यापेक्षा मोठा होतो. मी गोव्यात पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं आणि मग घाबरून थ्रॉटल एकदम शून्यावर आणला. नाक धपकन पाण्यात बसलं, मागचा भाग सटकला, बोट अर्धी फिरली आणि माझा हेल्पर सीटवर आपटला, त्याचा खांदा निसटला होता. तो त्याचा खांदा अजून आठवतो मला. म्हणून हात जोडून सांगतो, डुलायला लागली की थ्रॉटल झटक्याने सोडायचा नाही, चाक सरळ धरून हळूहळू कमी करायचा आणि ट्रिम थोडा आत घ्यायचा. वळणाआधीही ट्रिम आत, वेग कमी, आणि वळणाच्या मधात थ्रॉटल तोडायचा नाही. ट्रिम फारच आत ठेवून वेगात पळवलं तर नाकच पाण्यात रुतून बोट अचानक एका बाजूला ओढते, तेही तितकंच वाईट. आणि किल कॉर्ड, म्हणजे चालवणारा पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी दोरी, पायाला किंवा जॅकेटला बांधल्याशिवाय चावी फिरवायची नाही, तुम्ही पर्यटक बसवणार आहात.

चाइन वॉकमध्ये स्टिअरिंगचा हात असू शकतो, तेवढं मेकॅनिकचं बरोबर. इंजिन बंद ठेवून एका इंजिनला हाताने हलवा, दुसरं लगेच हललं पाहिजे. मधे खडखड वाटली तर टाय बारचे, म्हणजे दोन्ही इंजिनं जोडणाऱ्या दांड्याचे, जोड ढिले आहेत. हायड्रॉलिक असून चाक स्पंजासारखं लागत असेल, किंवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे आज साडेचार, उद्या पाच असं होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढून तेल भरायचं. यात फार खर्च नाही.

आपल्या पाण्याची एक वेगळी गोष्ट आहे, ती गोव्यात नव्हती. बॅकवॉटरमध्ये बुडालेल्या गावांची झाडं आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंट अगदी पृष्ठाजवळ येतात, आणि आपल्याच लोकांची नायलॉनची जाळी. मागच्या हिवाळ्यात संध्याकाळी माझ्या डाव्या पंख्यात जाळं गुंतलं, इंजिन बंद पडलं. एका उजव्या इंजिनावर बोट सारखी डावीकडे जायची, म्हणून चाक उजवीकडे, म्हणजे चालू इंजिनच्या बाजूला, दाबून धरून यावं लागलं, बंद इंजिन वर उचललं तेव्हा कुठे जरा हलकं झालं. एका इंजिनावर बोट पाण्यावर उचलायला जाऊ नका, ते बिचारं उगाच जळतं. घरी येऊन गिअर ऑइल बघितलं तर दुधासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं, जाळ्याच्या दोऱ्याने शाफ्टची सील कापली होती. म्हणून जाळं काढल्यावर लगेच पंखा उतरवून आतला दोरा काढा, बाहेरून दिसत नाही तो. आणि परत लावताना दोन्ही बाजूंचे पंखे अदलाबदल होऊ देऊ नका, नाही तर फॉरवर्डला टाकाल आणि बोट मागे जाईल.

दोन्ही इंजिनांच्या मॉडेल प्लेटचा आणि मागून पट्टी लावलेला असे दोन फोटो टाका, मी बघून सांगतो.