अमेरिकेतल्या लहान गावाचा बेसबॉल संघ इतकी वर्षं कसा टिकतो? बटाव्हियाचं उदाहरण

न्यूयॉर्क राज्यात बफेलो आणि रॉचेस्टर यांच्या मधे बटाव्हिया आहे, वस्ती जेमतेम १५ हजारांची. १९३९ मध्ये याच गावात एका मायनर लीगची स्थापना झाली आणि बटाव्हियाचा संघ तिच्या पहिल्या सहा संघांपैकी एक होता. मधली काही वर्षं सोडली तर तो खेळत राहिला. मायनर लीगमध्ये मोठे क्लब आपले नवखे खेळाडू तयार व्हायला पाठवतात, त्यामुळे पुढचे तारे गावकऱ्यांना अगदी जवळून दिसतात. चेस अटली २००० मध्ये इथे खेळला, रायन हॉवर्ड २००१ मध्ये. २००८ मध्ये दोघांच्या फिलाडेल्फिया क्लबने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगचं विजेतेपद, जिंकलं, आणि त्याच वर्षी बटाव्हियानेही आपली लीग जिंकली! मला हा योग फार आवडतो.

२०२१ पासून मेजर लीगने मोठ्या क्लबांशी जोडलेले मायनर लीग संघ १२० वर आणले, त्यात बटाव्हिया वगळलं गेलं. माझ्या मते हा लहान गावांवर अन्यायच. पण ‘मकडॉग्ज’ हे आपलं आधीचंच नाव घेऊन संघ अजून ड्वायर स्टेडियमवरच खेळतो, आता उन्हाळी लीगमधल्या कॉलेज खेळाडूंसह.